जानेवारीतच मोडलेला संकल्प आणि प्रभूचं मेज

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 44 वर्षांच्या आहेत. पाच एकर वावर आहे. त्यात पऱ्हाटी (कापूस), तूर आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा हरभरा. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत आणि पाळक महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या (प्रभू येशूच्या आठवणीत मेजाभोवती भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी येतात. गेली चार वर्षं त्या 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत देवाला शब्द देतात, की वर्षभरात सगळं बायबल वाचीन, पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करीन आणि जानेवारीत 21 दिवस उपवास धरीन. दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत हे मोडतं, वाचन तर बहुतेकदा लेवीय या पुस्तकापाशीच अडतं. यंदा उपासनेत काढलेल्या वचनाच्या चिठ्ठीवर यिर्मया 29:11 (देवाच्या मनातले हिताचे संकल्प सांगणारं वचन) निघालं, त्याचा फार आनंद झाला. पण 9 जानेवारीला सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि दवाखान्याच्या धावपळीत सगळंच सुटलं. जाऊ दवाखान्यात फिरकली नाही. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादावरून दोन वर्षं तिच्याशी बोलणं बंद आहे. दोघी एकाच मंडळीत बसतात. त्या विचारतात: "देवाला दिलेला शब्द मी पुन्हा मोडला. मंडळीत बाकीचे उपवासाच्या साक्षी देतात आणि मी खाली मान घालून बसते. अशा मनाने पुढच्या रविवारी प्रभुभोजन घेऊ की नको?"

प्रिय ताई, सलाम.

आधी 9 जानेवारीचं बोलू. त्या दिवशी तुम्ही वाचन, उपवास आणि पहाटेची प्रार्थना सोडून सासूबाईंच्या उशाशी गेलात आणि याला तुम्ही शब्द मोडणं म्हणता. मार्कचा सातवा अध्याय उघडा, 9 ते 13 वचनं. लोक आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असं म्हणून आईबापांना मदत करायचं टाळत होते, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे त्या काळचे धर्मपुढारी, त्याला धर्म मानत होते. प्रभूने त्यांना सुनावलं की या नवसाच्या आडून तुम्ही देवाची आज्ञाच रद्द करता. म्हातारं माणूस खाटेवर कण्हत असताना आपला उपवास सांभाळत बसणं त्याला मान्य नव्हतं. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. त्या दिवसाची क्षमा मागायची गरज नाही.

मागच्या तीन वर्षांचं मात्र वेगळं आहे. नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असं उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. तेव्हा तो शब्द काही नव्हताच, असं म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. पण तुम्ही ज्या पुस्तकापाशी दरवर्षी अडता, त्या लेवीयातच यावर वाट दिलेली आहे. पाचव्या अध्यायाचं चौथं वचन अविचाराने शपथ घेणाऱ्याबद्दल आहे: बरं करण्याचीही शपथ एखाद्याच्या तोंडून नकळत निघून जाते आणि मागाहून ध्यानात येतं. त्याने काय करावं? आपली चूक नाव घेऊन कबूल करावी आणि अर्पण आणावं. मेंढरू किंवा शेळी परवडत नसेल तर दोन होले, तेही जमत नसेल तर एफाचा (धान्याच्या जुन्या मापाचा) दहावा हिस्सा सपीठ. झेपणार नाही असा शब्द माणूस देतो, हे देवाला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून गरिबातल्या गरिबालाही परतता येईल अशी सोय त्याने करून ठेवली. आपल्यासाठी ते अर्पण ख्रिस्ताने एकदाच केलं आहे. आपल्याकडे उरतो तो कबुलीचा भाग.

ती कबुली नीट करा. एका संध्याकाळी दार लोटून बसा आणि मोठ्याने, साध्या शब्दांत सांगा: प्रभू, मी अमुक तीन गोष्टी कबूल केल्या. झेपतील का याचा विचार केला नाही. चारचौघांत कमी दिसू नये हाही त्यात भाग होता (असेल तरच हे म्हणा). आता मी तो शब्द तुझ्या पायाशी ठेवते, मला मोकळी कर. हे एकदाच करायचं. रोज तेच उगाळलं तर ती कबुली राहत नाही, स्वतःला मारत राहणं होतं. आणि दंड म्हणून मोठा नवस बोलू नका. 21 दिवस जमले नाहीत म्हणून आता 40 करते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि तेही मार्चपर्यंत इथेच येऊन पोचतात.

आता वाचन का मोडतं ते पाहू, कारण दोष सगळा तुमचा नाही, बराचसा हिशेबाचा आहे. बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. उत्पत्तीचे 50 झपाट्याने जातात, कारण त्या गोष्टी आहेत. निर्गमाच्या 25 व्या अध्यायाला निवासमंडपाची मापं, पडदे आणि खुंट्या सुरू होतात. या वेगाने तुम्ही तिथे 23 जानेवारीच्या सुमारास पोचता. 28 च्या आसपास लेवीय लागतं, त्याचे 27 अध्याय, मग गणनेतल्या शिरगणत्या. आणि आपल्याकडे याच दिवसांत वावरात काय असतं? कापसाची शेवटची वेचणी, तुरीची कापणी आणि मळणी, हरभऱ्याची राखण. सर्वांत कोरडा भाग सर्वांत दगदगीच्या आठवड्यांत येतो. त्यात चार दिवस सुटले की 13 अध्याय थकतात, म्हणजे मोठ्याने वाचायचं तर तासभर. थकबाकी दिसली की माणूस पुस्तक उघडायचंच टाळतो.

म्हणून पहिला नियम हा ठेवा की सुटलेलं भरून काढायचं नाही. आज जिथे खूण आहे तिथून पुढे. तारखा छापलेला तक्ता बाजूला ठेवा.

दुसरं, मार्कपासून सुरू करा. 16 अध्याय, सगळ्यांत छोटं शुभवर्तमान. रोज अर्धा अध्याय आणि रविवारी सुट्टी, तरी पाच-साडेपाच आठवड्यांत पूर्ण होतं. आणि ते सासूबाईंच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचा. त्यांना अक्षरओळख असो वा नसो, पडून राहिलेल्या माणसाला दुपार फार लांब असते. तुमची सेवा आणि तुमचं वाचन एकाच पंधरा मिनिटांत होईल. नंतर रूथ घ्या, चारच अध्याय: सासूसून, कापणीचं शेत आणि मजुरांच्या मागे सरवा वेचणारी परकी बाई. विदर्भातल्या बाईला त्या पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही. मग याकोब, फिलिप्पैकर. मे महिन्यात दुपारी बाहेर निघता येत नाही, तेव्हा उत्पत्ती आणि निर्गम सलग वाचा. लेवीयाला हात घालाल तेव्हा आधी 16 वा आणि 19 वा अध्याय वाचा आणि सोबत इब्री लोकांस पत्राचे 9 आणि 10. मग त्या रक्ताचं आणि वेदीचं प्रयोजन कळतं. 19 व्या अध्यायात शेताच्या कडा गरिबांसाठी सोडायला सांगितलं आहे, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको असं आहे, मनात दावा धरू नको असं आहे, आणि 'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वाक्यही मुळात तिथलंच. ते पुस्तक कंटाळवाणं नाही. चुकीच्या महिन्यात, चुकीच्या वेगाने हाती येतं इतकंच.

रात्री निजण्याआधी एक स्तोत्र पुरे. 119 वं आलं की घाबरू नका. त्याची 176 वचनं आठ-आठच्या 22 भागांत आहेत, रोज एक भाग घ्या. वेचणीच्या दिवसांत डोळे मिटत असतील तर मोबाइलवर मराठी बायबल ऐका, ऐकलेलंही वाचलेलंच आहे. एक साधी वही ठेवा: तारीख, कुठला भाग आणि मनाला लागलेलं एक वाक्य. त्याहून जास्त लिहायला गेलात तर वहीसुद्धा आठवड्यात बंद पडेल.

पहाटे चारबद्दल थोडक्यात सांगते. हरभऱ्याला पाणी द्यायला वीज अनेकदा रात्रीची असते. घरधनी रात्री मोटर सुरू करायला जातात तेव्हा तुम्हीही जाग्याच असता. अशा शरीराने चारला उठून तासभर बसलं तर प्रार्थना होत नाही, डुलकी लागते, आणि मग डुलकीचा अपराध वेगळा. 127 व्या स्तोत्राचं दुसरं वचन पहाटे उठून उशिरापर्यंत खपणाऱ्यांसाठीच आहे. परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोप देतो, असं तिथे म्हटलं आहे. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता (1 राजे 19), तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाल त्यानंतरची.

तुमच्यासाठी वेळ घड्याळावर न ठेवता कामाला बांधा: सकाळचा चहा झाला की वावरात निघण्याआधी दहा मिनिटं. त्यातली पहिली दोन गप्प बसा, काही मागू नका. मग एखाद्या स्तोत्रातल्या चार ओळी हळू म्हणा. कालचं एखादं चुकलेलं असेल ते नाव घेऊन सांगा. 'सर्व पापांची क्षमा कर' असं ढोबळ नको, 'मुलावर विनाकारण ओरडले' असं नेमकं सांगा. मग तीन माणसांची नावं घ्या, रोज तीच तीन, महिनाभर. शेवटी प्रभूची प्रार्थना. दहा मिनिटं संपली की उठा, मन रमलं असलं तरी. पहिल्या महिन्यात जास्त बसण्याचा मोह टाळलेला बरा, कारण चांगल्या दिवसाचा तास वाईट दिवशी ओझं होतो.

उपवासाविषयी जास्त स्पष्ट बोलायला हवं, कारण यात अनेक जण शरीराचं नुकसान करून घेतात. 21 दिवसांचा आधार दानीएलाच्या दहाव्या अध्यायात आहे. पण तिथे तो उपाशी नव्हता. तीन आठवडे त्याने पक्वान्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केला होता. उन्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईने पाणी न पिता राहावं, असं तिथे कुठेही नाही. डोकं दुखणं, चक्कर येणं, संध्याकाळी घरच्यांवर चिडणं ही भूक आणि तहान बोलत असते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळलं तर साखर एकदम उतरू शकते आणि जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर नाहीच.

तुम्ही आठवड्यातून एक दिवस, समजा शुक्रवारी, एक वेळचं जेवण सोडा. पाणी प्या. ज्या वेळेत जेवला असता त्या वेळेत यशयाचा 58 वा अध्याय वाचा. तिथे देव म्हणतो की तुम्ही उपवासाच्या दिवशीही आपलाच मतलब साधता आणि मजुरांना राबवता. मला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. म्हणून त्या जेवणाचे ज्वारी-तांदूळ मोजून वेगळ्या डब्यात टाका आणि महिन्याअखेर गावातल्या एखाद्या एकट्या म्हातारीला द्या, कोणत्याही जातीधर्माची असो. वेचणीच्या बायांची मजुरी थकली असेल तर आधी ती चुकती करा. हा उपवास मंडळीत साक्षीत सांगू नका. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे डोक्याला तेल लावा, तोंड धुवा आणि कामाला लागा. आणि दुसऱ्यांच्या साक्षी ऐकताना ध्यानात ठेवा, की माणसं मोडलेल्या दिवसांची साक्ष देत नाहीत.

चिठ्ठीच्या वचनाचं म्हणाल, तर ते खोटं ठरलेलं नाही. तुम्हाला त्याचा एक तुकडाच मिळाला. यिर्मयाचा 29 वा अध्याय हे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. 11 व्या वचनात देव हिताचे संकल्प सांगतो, पण त्याच्या आधीचं दहावं वचन सांगतं की त्याला 70 वर्षं लागतील. खोटे संदेष्टे म्हणत होते की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, मागचाच अध्याय वाचा. आणि तोवर त्या लोकांनी काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित साधा (5 ते 7). तुमच्या घरावर आलेलं दुखणं त्या वचनाच्या बाहेरचं नाही. असल्या दिवसांतल्या माणसांसाठीच ते लिहिलं होतं. चिठ्ठी काढायला हरकत नाही, पण घरी आल्यावर तो अख्खा अध्याय वाचायचा, एवढी सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

आणि 1 जानेवारी ही तारीख पवित्र शास्त्रातली नाही. इस्राएलाचा पहिला महिना वल्हांडणाचा (मिसरातून सुटकेच्या सणाचा), मंडळीचं उपासनावर्ष सुरू होतं ते आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत. वर्षाअखेरच्या रात्रीची उपासना आपल्याकडे आली ती 18 व्या शतकातल्या मोरावियन आणि मेथडिस्ट मंडळ्यांकडून. मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी 1755 पासून देवाशी कराराचं नूतनीकरण करायची उपासना सुरू केली, पण तो करार अख्खी मंडळी मिळून करत असे. तुम्ही एकट्याने, मनातल्या मनात, कुणालाही न सांगता शब्द देता आणि मोडल्यावर एकट्याच कुढता. 1905 च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेचा गट सुरू केला. आत्मिक जागृती आली ती जूनच्या अखेरीस, आणि ती गटातच आली. पाळक महिन्यातून एकदाच येतात तर मधले तीन रविवार रिकामे का? दोन-तीन घरांनी आळीपाळीने एकेका घरी जमा: उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, एक अध्याय, एकमेकांसाठी प्रार्थना, पाऊण तासात आटपा. चहापलीकडे पाहुणचार नको, नाहीतर गरीब घराची पाळी आली की बैठक बंद पडते.

तुमच्यासारख्याच मनःस्थितीत असलेल्या आणखी काही वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगणं भाग आहे. प्रार्थनेत रस न वाटणं दरवेळी आत्मिक कोरडेपणा नसतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही. कर्जात अडकलेल्या पुरुषांनी हे विशेष ऐकावं, ते सांगायला सर्वांत उशीर करतात.

आता जाऊबाई. ताई, तुम्ही वाचन, उपवास आणि पहाट यांवर तीन पानं लिहिलीत आणि जावेवर चार ओळी. तरी मला वाटतं, खरी अडचण त्या चार ओळींत आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्याला आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला प्रभू सांगतो (मत्तय 5:23-24). 'जिथे दोघं किंवा तिघं जमतात' हे वचन आपण छोट्या सभांना लावतो. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात ते आलं आहे आपला अपराध केलेल्या भावाकडे कसं जावं हे सांगताना, आणि तिथे पहिली पायरी आहे एकांतात जाण्याची.

धुरा आणि बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या करा. धुऱ्याचा निकाल तुम्हा दोघींच्या प्रार्थनेने लागायचा नाही. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा लागतो, फी भरावी लागते आणि भूकरमापक खुणा दाखवून देतो. ते काम घरधन्यांनी दिराला आधी सांगून करावं, लपून नव्हे. मोजणी होईपर्यंत बोलणं बंद ठेवलं पाहिजे असं मात्र कुठेच नाही.

प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी तिच्या घरी जा. देवळाच्या आवारात नको, तिथे चार डोळे पाहतात. सासूबाईंच्या किंवा मुलांच्या हाती निरोप नको. मोबाइलवर लिहून तर नकोच. पाच मिनिटं पुरे. फक्त तुमच्या बाजूचं बोला: "दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, ते माझं चुकलं. आत्याबाई पडल्या तेव्हा तुला मी स्वतः कळवलं नाही." (कळवलं असेल तर हे वगळा.) 'पण तूही' हे शब्द आले की सगळं परत उसवतं. दवाखान्यात का आली नाहीस, हा प्रश्न त्या दिवशी काढू नका. कदाचित तिला वाटलं असेल की आपण आलेलं तुम्हाला चालायचं नाही. सासूबाईंना भेटायला ये, एवढं निमंत्रण देऊन निघा. तिने दार लावून घेतलं किंवा टोमणा मारला तर परत उत्तर देऊ नका. रोमकरांस पत्राच्या 12:18 मध्ये प्रेषित पौल 'शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितकं' असं म्हणतो. दुसऱ्याचं मन तुमच्या हिशेबात धरलेलं नाही.

ज्या बहिणींच्या घरात मारहाण किंवा धमकी आहे त्यांनी मात्र हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. तिथे एकटीने जायचं नाही. पाळक किंवा जाणत्या माणसांना सोबत घ्या. आणि क्षमा करणं म्हणजे मार खायला परत जाणं नव्हे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. 'अयोग्य प्रकारे' भाकर खाण्याबद्दलचा पौलाचा इशारा (1 करिंथ 11:27) वाचून कितीतरी माणसं मेजापासून मागे सरतात. त्याच्या आधीची वचनं वाचा: करिंथात खाऊनपिऊन असणारे आधी येऊन पोटभर जेवत, कोणी तर झिंगत, आणि मागून आलेले गरीब उपाशी राहत. त्या मेजावर आपल्याच भावंडांना तुच्छ लेखणं ही ती अयोग्य रीत होती. अध्याय चुकले, उपवास मोडला, पहाटे जाग आली नाही, यांचा तिथे उल्लेखही नाही. आणि 28 वं वचन 'आत्मपरीक्षण करावं आणि मग खाऊ नये' असं म्हणत नाही. परीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी, असं म्हणतं.

तेव्हा या रविवारी या. पाळकांना आदल्या दिवशी फोन करून उपासनेआधी पंधरा मिनिटं मागून घ्या आणि मोडलेल्या शब्दाचं त्यांना सांगा. जावेकडे जाऊन आला असाल, तर तिने उत्तर दिलं असो वा नसो, भाकर घ्या. जाणं झालंच नसेल आणि ती त्याच बाकावर दिसली, तर उपासना सुरू होण्याआधी उठून तिला सलाम करा आणि मग पुढे जा.